काका, निळा स्क्रीन गेला!

ती. काका,
सादर नमस्कार.

त्या दिवशी घाईत नीट आभारही मानता आले नाहीत, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

दिवाळी अंकाची पानं लागत होती आणि माझा कॉम्प्युटर दिवसातून तीन-चारदा निळा स्क्रीन दाखवून बंद पडत होता. दोनदा फॉरमॅट मारून झाला होता. पैसे गेले, जमवलेले फॉन्ट गेले, बंद पडणं मात्र तसंच.

तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर काढण्याआधी वही मागितलीत. ‘कधी बंद पडतो? तेव्हा काय उघडं असतं?’ हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आपोआप रीस्टार्ट व्हायचं सेटिंग तुम्ही बंद केलंत, म्हणून स्क्रीनवरचं एररचं नाव वाचता तरी आलं. चार दिवस मी लिहीत गेले. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली मोठी फाइल उघडली की हमखास, आणि नाव दर वेळी वेगळं: एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. इव्हेंट व्ह्यूअरमधली, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतली, ४१ नंबरची नोंद मी कारण समजून बसले होते. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते, हे तुमच्याकडून कळलं. ‘नाव सारखं बदलतंय ना, मग आधी रॅम बघू,’ म्हणालात. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती मेमरी.

पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालला. सकाळी स्क्रीनभर चुकांच्या लाल ओळी! तरी लगेच ‘नवी घे’ म्हणाला नाहीत. माझ्या मुलाचं खोडरबर घेऊन रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात हलक्या हाताने घासलेत. लाल ओळी पुन्हा आल्या. मग ४ जीबीच्या दोन्ही पट्ट्या एकेक करून तपासल्यात, स्लॉट बदलूनही. चुका एकाच पट्टीबरोबर फिरत होत्या. मेमरी जितकी भरेल तितकी ती खराब जागा वापरात येणार, म्हणून मोठ्या फाइललाच दणका, हे तुम्ही मला कागदावर चौकोन काढून दाखवलंत. डिस्क कितीदा पुसली तरी रॅमचं दुखणं कसं जाणार होतं?

त्या खराब पट्टीच्या जागी दुसरी बसवल्यापासून कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. अंक वेळेवर छपाईला गेला. पैसे तुम्ही घेतलेच नाहीत, निदान अंकाची पहिली प्रत तरी घ्या. रविवारी घेऊन येते. काकूंना सांगा, त्यांची कविता पान ४८ वर आहे.

तुमची,
शेजारची डीटीपीवाली