आजींच्या हातपंपाचा निकाल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हल्ली प्रत्येक संशोधन प्रकल्पाला इन्स्टाग्राम पेज आणि रील्स लागतात. यवतमाळ जिल्ह्यात पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडच्या अशाच एका प्रकल्पावर मी दोन वर्षे काम केले. नमुने गोळा करणे आणि पेज सांभाळणे, दोन्ही माझ्याकडेच होते.

पेजवर इंग्रजी पोस्टर टाकायचे आणि पैसे भरून पोस्ट बूस्ट करायची. लाइक यायचे ते पुण्यामुंबईचे, तेही बहुतेक आमच्याच क्षेत्रातल्या लोकांचे. अहवालात मात्र ते आकडे ‘लोकसहभाग’ म्हणून जात. नमुने खरे मिळाले ते आशाताईंमुळे. त्यांनी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलून निरोप टाकला, “उद्या पाणी तपासणारी ताई येऊन राहिली, हंड्यातलं नको, हातपंपाचं ताजं पाणी द्या.” सकाळी सातला बायका हातपंपापाशी हजर होत्या.

काही महिन्यांनी पुन्हा गेले तेव्हा एका आजींनी विचारले, “ताई, आमच्या पाण्याचं काय निघालं वो?” उत्तर माझ्या वहीत होते. त्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर होते. भारतीय मानकानुसार दुसरा स्रोत नसेल तरच दीडपर्यंत चालते, एरवी मर्यादा एक मिलिग्रॅमची. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. पण शोधनिबंध छापून येईपर्यंत आकडे बाहेर सांगायचे नाहीत, अशी आम्हाला ताकीद होती. “कळवते, आजी,” म्हणून मी निघाले. त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

निबंध इंग्रजीत आला, पेजवर अभिनंदनाच्या पोस्ट पडल्या, प्रकल्प संपला आणि पेजही थांबले. मग मी निकाल मराठीत बोलून आशाताईंना पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, “बाजूच्या पोडावरचं पाणी कधी तपासता?” (पोड म्हणजे कोलामांची वस्ती.)

पक्षीनिरीक्षकांचे काम याहून कितीतरी चांगले चालते. २०२३ साली आलेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ३० हजारांहून अधिक निरीक्षकांनी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. नीलपंखासारखा रस्त्याकडेच्या तारेवर दिसणारा पक्षी कमी होतोय, हे अशाच रोजच्या नोंदींतून कळले. इथे टाकलेली नोंद आपल्या खात्यात राहते आणि इतरांच्या नोंदींशेजारी पाहता येते. म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा नोंद करतो.

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची, म्हणजे संशोधकांनी आपले ज्ञान समाजापर्यंत पोहोचवण्याची, मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. निधी देणाऱ्यांनी त्यांना धरून प्रकल्पाकडे लाइकऐवजी एवढेच मागावे: ज्यांचे पाणी घेतले त्यांना तपासणीनंतर पंधरा दिवसांत मराठीतून निकाल, ग्रुपवर बोललेला निरोप, ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद आणि धोक्याच्या हातपंपावर लाल खूण. यासाठी बूस्टच्या खर्चाइतकी तरतूदही पुरेल. निबंध अडेल ही भीतीही नको. सार्वजनिक आरोग्याला तातडीचा धोका असेल तर निकाल आधी सांगायला वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीसुद्धा हरकत घेत नाही.

आपली विश्वासू,
एक संशोधन सहायक, यवतमाळ