सेलोच्या खुंट्या, पियानोचं झाकण

नाशिक
फेब्रुवारी

चि. मनू,
अनेक शुभाशीर्वाद.

तुमच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेचा मसुदा मिळाला: तू गजाने वाजवायच्या त्या भल्यामोठ्या सेलोवर, मैत्रीण पियानोवर. आधी बीथोव्हेनचा ए मेजर सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना (ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, 69), मध्यंतरानंतर ब्राम्सचा ई मायनर (ओपस 38). निवड छान आहे, दोन्ही मिळून जेमतेम पन्नास-पंचावन्न मिनिटं होतील. फक्त 'सेलोवादन' आणि खाली बारीक अक्षरात 'पियानोची साथ' असं छापलं आहेस, ते बदल. दोघींची नावं एका ओळीत, एका मापात घाल. ब्राम्सने शीर्षकातच पियानोचं नाव आधी लिहिलं आहे. तबला-पेटीच्या साथीची सवय असलेला आपला श्रोता पत्रिका वाचून पियानोकडे कान द्यायचा की नाही ते ठरवतो. आणि तुम्हीही तालमीत तसंच वागायला लागता.

आवाजाच्या तोलाची तक्रार नेहमी एकच असते: सेलो ऐकू येत नाही. मग कुणीतरी पियानोचं झाकण अर्धं बंद करतं. तसं करू देऊ नका. झाकण खाली घेतलं की पियानोच्या सुरांची वरची चमक जाते, खालचा गदगदाट मात्र तसाच राहतो, आणि सेलोला झाकतो तो नेमका हा गदगदाट. तुझी खालची सी तार 65 हर्ट्झची, वरची ए 220 ची. पियानोचा डावा हात याच भागात दाट कॉर्ड (एकाच वेळी दाबलेले अनेक सूर) वाजवत असतो. म्हणून मोठी दांडी लावून झाकण पूर्ण उघडं ठेवा, डावा हात हलका करा आणि सूर लांबवणारं पेडल कमी वापरा. तू पियानोच्या वळणाजवळ, किंचित पट्ट्यांच्या बाजूला सरकून बस, म्हणजे मैत्रिणीला तुझा गज आणि उजवा खांदा दिसेल. रंगमंचाच्या कडेला पुढे जाऊन बसलीस तर तिला तुझी फक्त पाठ दिसेल आणि एकत्र सुरू करायच्या जागा चुकतील.

ब्राम्सच्या सुरुवातीला सेलो खालच्या तारांवर मुख्य ओळ गात असतो आणि पियानो आघात टाळून हलके कॉर्ड देतो. तिथे तोल आपोआप साधतो. खरी परीक्षा शेवटच्या भागात, फ्यूगमध्ये आहे. मुख्य स्वरवाक्य पियानोच्या दोन हातांत आणि सेलोत फिरत राहतं आणि तिन्ही आवाज जोरात जातात. दोघींनी आपापल्या प्रतीत ते स्वरवाक्य जिथे जिथे येतं तिथे पेन्सिलीने खूण करा. ज्याच्याकडे ते नाही, त्याने आवाज एक पायरी कमी करायचा. तुझ्या प्रतीत फक्त तुझी ओळ असते, तिच्या प्रतीत दोन्ही. म्हणून लांब विश्रामांच्या शेवटी पियानोचे दोन-तीन सूर छोट्या अक्षरात लिहून घे. बीथोव्हेनच्या स्केर्त्सोत, म्हणजे मधल्या चपळ भागात, तर हे हवंच: तिथे आघात पुढे ओढून बांधलेला आहे, सम लपलेली आहे, आणि नुसतं मोजत बसलं की हमखास घसरायला होतं.

आता सूर लावण्याचं. इथे तुझा तानपुऱ्याने तयार झालेला कान तुला थोडा फसवेल. पियानोकडून ए घेऊन तू डी, जी, सी असे शुद्ध पंचम लावत खाली गेलीस तर प्रत्येक पंचमात साधारण 2 सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक पडतो. शुद्ध पंचम 702 सेंटचा, पियानोचा 700 चा. तीन पंचमांनी तुझी सी तार पियानोच्या सीपेक्षा 6 सेंट उतरते. एरवी चालेल, पण ब्राम्समध्ये खालच्या तारांवर लांब सूर धरायचे आहेत आणि पियानो त्याच सुरांवर येतो, तेव्हा आवाज गढूळ होतो. म्हणून पंचम जरासे आखूड लाव आणि जी व सी पियानोवर वाजवून घेऊन तपास. बीथोव्हेनमध्येही पहिली ओळ सेलो एकट्याने म्हणतो. तिथे सूर सरकला तर पियानो येताक्षणी उघडा पडतो.

आपल्याकडे या दिवसांत दुपारी चांगलंच तापतं आणि दिवेलागणीनंतर गारवा येतो. हवा कोरडी असते, लाकूड आकसतं, खुंट्या सैल होतात आणि तार अचानक उतरते. खुंटी फिरवताना थोडी आत दाबत फिरव. सेलो गाडीत ठेवून जेवायला जाऊ नकोस, सांध्यांचं सरस सुटतं. ट्यूनरला पियानो जागेवर ठेवल्यानंतरच बोलवा. एसी आणि रंगमंचाचे दिवे लावून तास झाल्यावर तो काम सुरू करेल, आणि त्याला दीड-दोन तास निवांत द्या. प्रेक्षक आल्यावर कुणी एसी सुरू केला तर सगळी मेहनत वाया.

हॉलची फरशी गुळगुळीत आहे, सेलोचा खालचा टोकदार दांडा, एंडपिन, सरकणारच. खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा आण. मंडपवाल्याच्या हाताच्या प्लॅस्टिक खुर्च्यांवर बसू नकोस: कोपर अडकतं आणि बैठक मागे झुकते. सपाट बैठकीची, बिनहाताची लाकडी खुर्ची मी इथून पाठवते. तालमीला तिसऱ्या कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवून फ्यूगचा सगळ्यात मोठा भाग ऐकायला सांगा. रिकामा हॉल भरलेल्यापेक्षा जास्त घुमतो, तेवढं लक्षात ठेवून पेडल ठरवा. तारीख नक्की करण्याआधी पंचांगात लग्नतिथी बघा. गंगापूर रोडच्या लॉन्सवर वरात असेल तर ब्राम्सची पहिली ओळ ढोलताशात जाईल.

पानं उलटायला जी मुलगी बसणार आहे, तिने पियानोवादिकेच्या डाव्या हाताला बसायचं, उभं राहून वरच्या कोपऱ्यातून पान उलटायचं, वाजवणारीच्या हातावर सावली पडू द्यायची नाही. दोन भागांच्या मध्ये टाळ्या पडल्या तर पडू द्या, नुसता गज हवेत धरून थांब, लोक समजतात.

नव्या तारा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चढवू नकोस, निदान आठवडाभर आधी चढव, त्या ताणून बसायला वेळ घेतात. काढलेल्या जुन्या तारा टाकू नकोस. ऐन वेळी ए तुटली तर वापरलेली तार लवकर बसते, म्हणून त्या डब्यात ठेवून सोबत आण.

तुझी,
आई