ब्लीच आणि अ‍ॅसिड एका बादलीत नको

मा. संपादक,

दिवाळीची साफसफाई सुरू झालीय आणि आमच्या सिडकोत सकाळी सकाळी 'फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीच' ओरडत गाडीवाले फिरायला लागलेत. माल सगळा कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांत, लेबल नाही, तारीख नाही, दिवसभर उन्हात. ऊन लागलं की ब्लीचचा जोर उतरतो, म्हणून तर कंपन्या ते अपारदर्शक डब्यात विकतात. मग घरी फरशीचा डाग हलेना की लोक त्यातच अ‍ॅसिड ओततात, डबल पॉवर म्हणे! त्यातून निघतो क्लोरीन गॅस, १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मनांनी सोडला होता तोच, आणि आपली बाथरूम केवढी, खिडकी केवढी.

बरं, बोअरच्या पाण्याचे पांढरे थर हे क्षार असतात, ते ब्लीचनं निघतच नाहीत. त्याला अ‍ॅसिडच लागतं, पण ते वेगळ्या दिवशी, आधीचं सगळं भरपूर पाण्यानं धुऊन झाल्यावर.

ब्लीचला माझा विरोध नाही हां. पूर्वी युरोपात कापड पांढरं करायला ते महिनोन्महिने गवतावर उन्हात पसरायचे, आंबट ताकात बुडवायचे. १७७४ मध्ये शीले यांना क्लोरीन सापडला, पुढे बर्थोले यांनी त्यानं कापड पांढरं करून दाखवलं आणि १७९९ ला ग्लासगोच्या टेनंट यांनी चुन्यात क्लोरीन मुरवून पावडरचं पेटंट घेतलं. गावाकडं पाणी शुद्ध करायला विहिरीत टीसीएल पावडर टाकतात ना, ती त्याच जातीची. १८४७ ला व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपकन कमी झाले. एवढी कामाची वस्तू आहे.

फक्त वापरायची रीत पाहिजे. गार पाण्यात पातळ करून, पांढऱ्या सुती कपड्यालाच. रेशीम, लोकर अजिबात नाही, येवल्याच्या पैठणीवरचा डाग ब्लीचनं काढायला गेलात तर डागाआधी धागाच जाईल.

आपल्या पेपरात दिवाळीआधी हे चौकटीत छापा, ही विनंती. आणि महापालिकेनं या गाडीवाल्यांना निदान बाटलीवर 'ब्लीच', 'अ‍ॅसिड' एवढं मार्करनं लिहायला तरी लावावं. वास नाकात गेलाच तर बादली सोडून आधी बाहेर पळा, दार उघडं ठेवा, आणि खोकला थांबत नसेल तर सरळ दवाखाना गाठा.

– एक वाचक, सिडको, नाशिक