ला पाझला जाण्याआधी
चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझाही आवाज चढला आणि माझाही. थेट ला पाझच्या तिकिटाचा विषय पुन्हा काढणार नाही, असं आईला कबूल केलंय, तेव्हा आधी बाकीचं लिहितो.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घे. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेव, कारण बोलिव्हियातून परत येताना ते नसेल तर आपलेच लोक ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. डॉलर कोरे करकरीत ने. कोपरा फाटलेली किंवा शाई लागलेली नोट तिथे कोणी हातात धरत नाही.

खाण्याचं म्हणशील तर दुपारचं जेवण हेच तिथलं खरं जेवण. शेंगदाण्याचं सूप चांगलं असतं, पण खाली बहुधा गोमांसाचं पाणी असतं, विचारून घे. नुसतं ‘कार्ने (मांस) नको’ म्हटलंस तर चिकन वाढतील. ‘पोयो’ (चिकन) आणि ‘पेस्कादो’ही (मासे) वेगळं सांगावं लागतं. कुकर नेच. ला पाझच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी कच्चीच राहील.

उंचीवर आलोच शेवटी. मुक्ता, थेट ला पाझचं तिकीट म्हणजे विमानाचं दार उघडेल तेच शहराच्या वरच्या एल आल्तो विमानतळावर, ४,०६० मीटरवर. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी तिथवर पोचत नाही. आणि पहिल्या कळसूबाईलाच शेवटच्या शिडीपाशी तू निळ्या ओठांनी बसली होतीस, दम्याचा पंप काकाच्या सॅकमध्ये खाली बारी गावात! तरी ‘देवीपर्यंत जायचंच’ म्हणालीस आणि गेलीस. मी ते अजून सगळ्यांना सांगतो. आई सांगत नाही.

बाकीचे लोक चढण्याच्या आदल्या दिवशी उंचीच्या त्रासावरची असिटाझोलामाइडची गोळी सुरू करतात. तुला सल्फाच्या औषधांनी पुरळ येतं, त्यामुळे ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मग तुझ्याकडे औषध उरतं ते एकच, सावकाश चढणं. आधी सांता क्रूझ, तिथे उंचीचा प्रश्नच नाही (डास मात्र आहेत, डेंग्यूचे). मग कोचाबांबा, २,५६० मीटर, तिथे चार रात्री. मग ला पाझ. विमानतळावरून टॅक्सी थेट खाली सोना सूरला, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात ने, एल आल्तोत रेंगाळू नकोस. सोना सूर ३,३०० मीटरच्या आसपास आहे, म्हणून खोलीही तिथेच बघ. भाडं जास्त पडेल, पण झोपायची उंची तीनचारशे मीटरने उतरते. कामाला वर जायला तिथल्याच इर्पावी स्टेशनाहून केबलकारची हिरवी लाइन आहे.

ऑक्सिमीटरवर ८७-८८ दिसलं म्हणून घाबरू नकोस, नव्या माणसाचं तिथे तेवढंच येतं. घाबरायचं ते वेगळ्याच गोष्टींना: बसल्या जागी धाप, रात्री वाढणारा खोकला, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालताना तोल जाणं. यातलं एकही झालं तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. आधी इस्पितळ आणि ऑक्सिजन, मग खाली उतरणं. उतरायचं म्हणून कोरोइको गावाच्या गाडीत बसू नकोस. नकाशावर ते १,७०० मीटरवर दिसतं, पण वाटेत ४,६०० मीटरच्या वरची खिंड लागते. कोकाच्या पानांचा चहा देतील, पी. पण त्याला उपचार समजू नकोस, आणि येताना एक पानही बॅगेत नको, आपल्याकडे तो गुन्हा आहे.

झालं माझं प्रवचन. दोन वर्षांसाठी त्यांनी तुला निवडलं, म्हणजे त्यांना तुझी अक्कल कळली असणार, आणि मी सांगतोय टॅक्सीत कसं बसायचं. राग मानू नकोस. पण पंप हातातल्या बॅगेत, आणि दोन. तिथली हवा थंड आणि कोरडी असते, छाती आवळायला तेवढं पुरतं.

तिकीट बदलण्याचा दंड मी भरतो. आईला सांगू नकोस की मी पुन्हा विचारलं.

तुझा,
बाबा

ता. क. कुकरची रिंग जादा घे. तिथे मापाची मिळेलच असं नाही.