दत्तकाच्या अर्जापूर्वी मुलीस पत्र

चि. सानिका हिस,
अनेक आशीर्वाद.

माझ्याशी लग्न केलेल्या काकांनी तुला दत्तक घ्यावे, असे आम्हा दोघांच्या मनात आहे, हे तू जाणतेसच. परंतु त्यासाठी तुझ्या वडिलांचे तुझ्यावरील कायदेशीर हक्क आधी संपुष्टात यावे लागतात, आणि ही गोष्ट तुला सावकाश, पुन्हा पुन्हा वाचता यावी म्हणून लिहून देत आहे.

माणूस वर्षानुवर्षे फिरकला नाही, म्हणून त्याचे पालकत्व आपोआप जात नाही. त्यांनी संमती दिली तर वाट सोपी होते; नाही तर त्यांनी तुझी भेट, विचारपूस किंवा खर्च यांपैकी काहीही केले नाही, हे पुराव्यानिशी मांडावे लागते. वकिलांनी त्यांच्या शेवटच्या पत्त्यावर पाठवलेला लिफाफा ‘येथे राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आला आहे. तुझ्या वडिलांकडच्या आजीलाही त्यांचा ठावठिकाणा माहीत नाही. त्यामुळे आता शोध घेतल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागेल आणि न्यायालयाने सांगितल्यास वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही छापावी लागेल. मला हे सोपस्कार जाचक वाटत नाहीत. ज्याचे हक्क कायमचे जाणार, त्याला बोलण्याची संधी मिळालीच पाहिजे. शिवाय पुढे कोणी तुझ्या दत्तकावर बोट ठेवू नये, यासाठीही ती हवी.

एवढा खटाटोप कशासाठी, असे तू विचारशील. आज काका तुझ्या शाळेच्या अर्जावर सही करायला गेले, की आईला पाठवा असे उत्तर मिळते. हे एक वेळ चालेल. पण माझे काही बरेवाईट झाले, तर तुझ्या आजारपणात रात्री जागवणारा हा माणूस कायद्याच्या दृष्टीने परका ठरू शकतो, आणि तुझ्यावर पहिला दावा मात्र वडिलांचा राहतो. ही भीती माझा पिच्छा सोडत नाही. दत्तक झाल्यावर काका सर्वार्थाने तुझे वडील होतील, तू त्यांची वारस होशील, आणि उद्या ते व मी वेगळे झालो तरीही तुझी जबाबदारी त्यांना टाळता येणार नाही.

या बदल्यात काही सुटतेही. वडिलांकडून पुढील पोटगी मागता येणार नाही, त्यांच्याकडचा वारसाहक्कही बहुतेक ठिकाणी संपतो, आणि एकदा झालेले दत्तक सहसा मागे घेता येत नाही. आजीचे नातेही कागदोपत्री उरणार नाही. तिच्याकडे जाणे-येणे मात्र मी कधीही थांबवणार नाही. वडिलांविषयी तुला जे जाणून घ्यावेसे वाटेल, ते तू मला केव्हाही विचार.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम २१ प्रमाणे दत्तकात मुलाचे हित सर्वोपरी मानायचे असते, आणि कलम १२ प्रमाणे त्याचे मत ऐकून त्याला वयानुरूप महत्त्व द्यायचे असते. न्यायाधीश कदाचित तुला एकटीला दालनात बोलावून विचारतील. तेव्हा काकांचे उपकार किंवा माझी काळजी मनात आणून उत्तर देऊ नकोस. आडनाव बदलायचे की नाही, हेही तूच ठरव.

अर्जाचा मसुदा तुझ्या कपाटात ठेवला आहे. तो वाचून, हवे तर मला बाहेर बसवून, वकिलांशी बोल. तू हो म्हणेपर्यंत मी त्यावर सही करणार नाही.

तुझी,
आई