शिडाच्या बोटीत माणशी जागा द्या

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण डिसेंबरात नागपुरात येता. त्याच दिवसांत मुंबई बंदरात शिडाच्या बोटींचा हंगाम ऐन भरात असतो. पावसाळा सरलेला, पाणी शांत आणि दुपारनंतर वायव्येचा वारा. म्हणून हे पत्र आत्ताच.

मागणी साधी आहे. गेटवेवरून पाच-सात जणांना घेऊन निघणाऱ्या शिडाच्या बोटींचं तिकीट माणशी मिळावं. आम्हाला अख्खी बोटच घ्या म्हणून सांगितलं गेलं. ज्याची क्लबात ओळख आहे, ज्याला एका फोनवर चार मित्र जमवता येतात, त्याचं ठीक आहे. आम्ही मायलेकी दोघीच रात्रीच्या गाडीनं आलेल्या. धक्क्यावरच्या दलालानं पूर्ण बोटीचा भाव सांगितला, तेव्हा आईच म्हणाली, "राहू दे बाप्पा, लाँचनं घारापुरीला जाऊ."

लाँचला नावं ठेवत नाही. लेणी बघायची तर तीच सोयीची. पण शिडाची मजा वेगळी, हे पुढे एका मैत्रिणीच्या ऑफिसच्या लोकांत जागा मिळाली तेव्हा कळलं. इंजिन बंद झालं, शीड फडफडून एकदम ताणलं आणि बोट एका अंगावर कलली. बोट चालवणाऱ्या तांडेलानं "वरच्या बाजूला सरका" म्हटल्यावर सगळे घाबरत सरकले. थोड्या वेळानं हिशेबखात्यातले एक गृहस्थ मन लावून दोर ओढत होते!

सुरक्षेचं मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण पाण्याची भीती आम्हाला नवी नाही. जुलै 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुलं गेली. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या प्रवासी लाँचवर आदळली, तेव्हा 84 प्रवाशांचा परवाना असलेल्या त्या बोटीवर शंभराहून अधिक माणसं होती. धडक लाँचच्या चुकीनं झाली नाही, पण जास्तीची माणसं चढली कशी, हा प्रश्न उरतोच. म्हणून तिकिटावर बोटीचा नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता छापा. लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगावर हवं आणि लहान मुलांच्या मापाचंही हवं. मोठं जॅकेट लहानग्याच्या डोक्यावरून निसटतं.

दुसरं, रद्द झालेल्या फेरीचं काय? वारा पडला किंवा उलट फारच सुटला, तर बोट निघू नये, हे मान्य. पण मुंबईकराला "पुढच्या रविवारी या" म्हणता येतं. आम्ही रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी काढून येतो. त्यामुळे पैसे त्याच दिवशी परत, किंवा दुसऱ्या दिवशीची जागा, असा नियम लेखी हवा.

आणि गेटवेच्या त्या पायऱ्या. ओहोटीला पाणी इतकं खाली जातं की शेवाळलेल्या पायरीवरून, एका बोटीतून दुसरीत पाय टाकत, अनोळखी माणसाचा हात धरून चढावं लागतं. माझी आई लुगड्यात होती. निदान छोट्या बोटींसाठी भरतीच्या वेळा पाहून फेऱ्या लावता येतील. त्याला नवीन जेट्टीची वाट बघायला नको.

अलिबागजवळचा खांदेरी हा जलदुर्ग जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आला. दिवसभराची शिडाची सफर तिथवर नेता येईल का, तेही तपासून बघावं. पण ते नंतर.

बोटींची नोंदणी, बंदराचं पाणी आणि पर्यटन ही तीन वेगवेगळी दारं आहेत, याची कल्पना आहे. नागपूरच्या माणसानं तिन्ही ठोठावत फिरायचं का? परवानाधारक बोटींची यादी, माणशी दर आणि आरक्षण एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) नागपूर कार्यालयात मिळावं, हे अधिवेशनात जाहीर करा. या हंगामात जमत नसेल, तर कोणत्या महिन्यापासून जमेल ते तरी सांगा.

आपली,
नागपूरची एक रहिवासी