शर्यतीआधी घोळक्यात चालवायला शिका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हौशी सायकल शर्यतींच्या बातम्यांत विजेता आणि त्याची वेळ छापून येते. उतरू पाहणाऱ्यांना सायकल कुठली घ्यावी, वॉट (पायांनी लावायची ताकद) किती हवेत, हे सांगणारेही पुष्कळ भेटतात. घोळक्यात सायकल चालवायची कशी, हे मात्र फार थोडे जण शिकवतात. पाय कमी पडले तर क्रमांक जातो. घोळक्याची सवय नसेल तर कॉलरबोन मोडतं, आणि बऱ्याचदा दुसऱ्याचं.

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाला ८० ते ९० टक्के ताकद हवा कापण्यातच खर्च होते. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, म्हणून सगळे चाकामागे चाक ठेवतात. धोका सुरू होतो तो आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरलं की. तो खड्डा चुकवायला वीतभर सरकला तरी चाकं भिडतात. त्याला फारसं काही होत नाही, कारण त्याचं हँडल मोकळं असतं. आपलं मात्र अडतं, आणि ज्या बाजूला कललो त्या बाजूला हँडल वळवता आलं नाही तर सायकल तोल सावरूच शकत नाही. अशा वेळी हात आपोआप हँडल बाहेर ओढतात. तेच चुकतं, कारण त्याने अंग उलट त्या चाकाकडेच कलतं. पेडल थांबवावं, ब्रेक दाबू नये, त्या चाकाकडे हलकं रेलावं आणि वेग उतरला की अलगद मागे सुटावं. वाचून हे जमत नाही. दोघांनी गवतावर, चालण्याच्या वेगाने, मुद्दाम चाकं घासून पंधरा-वीस वेळा करून पाहावं.

वारा आडवा असला की आडोसा थेट मागे न मिळता तिरपा मिळतो, आणि चाकं एकमेकांच्या बाजूला शिरतात ती तेव्हाच सर्वांत जास्त. चढावर पेडलवर उभं राहतानाही जपावं: सीट सोडताच सायकल क्षणभर मागे जाते आणि मागच्याला चाक लागतं. एक गिअर जड करावा आणि पेडलवर जोर देतच उठावं. नजर पुढच्याच्या टायरवर खिळवू नये, त्याच्या खांद्यावरून पलीकडे ठेवावी. सुरुवातीला एक मीटर अंतर पुरे. सवय झाली की अर्धा.

वळणाचा ब्रेक वळणाआधी. बाहेरचं पेडल खाली, भार त्याच्यावर, हात ड्रॉपवर (हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर). पुढचे थोडा वेग उतरवतात, शेपटीचे जवळपास थांबतात आणि मग जीव तोडून अंतर भरतात. असं प्रत्येक वळणावर झालं की दमछाक होते. म्हणून घोळक्याच्या पुढच्या एक तृतीयांश भागात राहावं.

सायकलची तपासणी आदल्या दिवशीच उरकावी. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं हवीतच. उघडी नळी मांडीत गोल पंचसारखी घुसते. स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट त्यावर छापलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोरालाच) आवळावेत, बहुतेक ठिकाणी तो ५ न्यूटन-मीटर असतो. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या मागच्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर बसवतात ती पट्टी, वाकलेला असू शकतो. मागून पाहिल्यावर डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) चकतीच्या सरळ रेषेत दिसायला हव्यात. वाकलेला हँगर सपाटीवर कळत नाही. पहिल्या खड्या चढाला सर्वांत मोठ्या चकतीवर चेन टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जातो. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ६५ ते ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा पुरते, ओल्या रस्त्यावर पाचेक कमी. हुकलेस रिम (टायर अडकवायला आतली कड नसलेली) असेल तर ७२ च्या वर कधीच नाही, टायर निसटू शकतो. खाण्याचं म्हणाल तर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तेही सरावात पोटाला मानवलेलंच.

आयोजकांना कळकळीची विनंती आहे. नंबर देतानाच प्रत्येक सायकलची तीन मिनिटं तपासणी करा: ब्रेक, बुचं, हँगर, टायर. पहिले काही किलोमीटर गाडीच्या मागे, आखलेल्या वेगात जाऊ द्या. टॉप ट्यूबवर (सीट आणि हँडलमधल्या वरच्या नळीवर) बसणं आणि हँडलवर कोपरं टेकून चालवणं यूसीआयने (आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने) १ एप्रिल २०२१ पासून रस्त्याच्या शर्यतींत बंद केलं, तरी हौशी मंडळी उतारावर अजून तीच नक्कल करतात. तुमच्या नियमांत ते स्पष्ट लिहा. शेवटच्या स्प्रिंटमध्ये आपली सरळ ओळ सोडून दुसऱ्याला अडवणाऱ्याला बाद करा, ओळखीचा असला तरी. आणि अंतिम रेषेपलीकडचे निदान शंभर मीटर फोटो काढणाऱ्यांपासून मोकळे ठेवा. ताशी ५० ने येणारे रेषा ओलांडताना मान खाली घालून असतात, समोर उभा माणूस त्यांना दिसत नाही.

आपला विश्वासू,
एक सायकलपटू वाचक